मिरजेतलं बाइंडिंगचं दुकान : तीन पुस्तकं, सोळा वर्षं

नकाशावर शोधू नका, सापडणार नाही, कारण दुकानाला नावच नाही. बोर्डावर निळ्या रंगात तीन ओळी आहेत : झेरॉक्स, टायपिंग, थिसिस बाइंडिंग. मिरजेत दवाखान्यांच्या ज्या रस्त्याला दर तिसरं दुकान औषधांचं आहे, तिथं शहाळ्याच्या गाड्यामागून दोन पायऱ्या उतरल्या की आपण आत. 'थिसिसवाले काका कुठं?' असं कुठल्याही रेसिडेंट डॉक्टरला किंवा एम. एस्सी. नर्सिंगच्या मुलीला विचारलंत तर तुम्हाला आणून सोडतील. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. १९९९ साली जी. एन. एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाले, वॉर्डात ड्यूट्या केल्या, मग पोस्ट बेसिक म्हणजे डिप्लोमावाल्यांची बी. एस्सी., मग एम. एस्सी., मग पीएच. डी. नर्सिंगमध्ये शिकवणारी बाई बहुतेक अशीच पायरीपायरीनं वर येते. मध्ये लग्न, बाळंतपणं, नाइट ड्यूटी, आणि प्रत्येक पायरीवर एक जाडजूड पुस्तक, म्हणजे प्रबंध. माझी तिन्ही पुस्तकं याच दुकानात बांधली गेली : २००६, २०११ आणि २०२२. पहिल्याला मी साठ रुपये दिले होते, तिसऱ्याला एका प्रतीचे साडेतीनशे. दोन्ही वेळा घासाघीस केली आणि दोन्ही वेळा हरले.

आधी कामाचं सांगते. कागद मागाल तो मिळतो, पण काका विचारल्याशिवाय शंभर जीएसएमचा जाड बाँड कागद काढतात, कारण पातळ कागदावर मागच्या पानाचा आलेख दिसतो आणि बाहेरून आलेला परीक्षक तोच चष्म्यावरून बघत बसतो. रेक्झिनचे रंग पाच. रंग आपल्या कॉलेजच्या नियमानं आधी विचारून जा. मागच्या वर्षी एका मुलीनं स्वतःच्या आवडीनं मरून रंगात पाच प्रती करून घेतल्या आणि पाची परत आणल्या. शिलाई टोच्यानं भोकं पाडून हातानं होते. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, म्हणून वाळवी आणि झुरळं लागत नाहीत. माझं २००६ चं पुस्तक दोन भाड्याची घरं आणि २०१९ चा पूर बघूनही पाठीत मोडलेलं नाही. सोनेरी अक्षरं मात्र बघण्यासारखी. अक्षराचा एकेक पितळी खिळा उलटा लावायचा, मशीन तापवायचं, फॉइलची पट्टी ठेवायची आणि दांडा दाबायचा. काका दांडा दाबताना श्वास धरतात. आपणही धरतो.

वेळ सकाळी दहा ते रात्री नऊ. सीझनला अकरापर्यंत. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर कायम कुणाचा तरी रिपोर्ट ठेवलेला असतो.

आता या दुकानाचा खरा माल कुठला, ते सांगते. आतल्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे. त्यात बिघडलेल्या प्रती आहेत. पान उलटं लागलं, मधलं प्रकरण राहिलं, पाठीवरचं साल चुकलं, अशा प्रती काका रद्दीत देत नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या प्रती साठल्यात. मी एकदा सर्टिफिकेटचं पान वाळेपर्यंत थांबले होते तेव्हा त्या चाळल्या, आणि मिरजेच्या आसपास नर्सिंग शिकवणाऱ्या बायकांनी इतक्या वर्षांत कशाकशाचा विचार केला ते एका कपाटात बघायला मिळालं. मुखपृष्ठं वाचली तरी साल कळतं. २००९-१० च्या प्रती स्वाइन फ्लूच्या. मग डेंग्यू. मग मोबाइलचं व्यसन आणि पीसीओडी, म्हणजे बायकांच्या अंडाशयाचा विकार. २०२१ चा कप्पा अख्खा कोविडचा. अधूनमधून सदाबहार विषय : स्तनांची स्वतः तपासणी, ॲनिमिया, स्तनपान, मधुमेह्यांच्या पायाची काळजी. आणि शीर्षक प्रत्येकाचं एकाच साच्यातलं. 'अमुक विषयावरील ज्ञानाबाबत स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, निवडक ठिकाणच्या तमुक गटात.' स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम म्हणजे आखून घेतलेला तास. या 'निवडक'मध्ये सगळं येतं. निवडक म्हणजे जिथल्या मेट्रनबाई, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, आपल्या ओळखीच्या आहेत ते ठिकाण.

माझं २०११ चं पुस्तक याहून वेगळं होतं असं समजू नका. नमुना साठ, म्हणजे साठ जणांवर अभ्यास. साठच का, असं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं तर आम्ही सूत्र सांगतो. खरं कारण असं की डेटा गोळा करायला चार आठवडे मिळतात, आणि त्यातही दोन रविवार आणि एक गौरी-गणपती जातो.

संकल्पनात्मक चौकट हा प्रकार नर्सिंगवाल्यांना समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते : प्रत्येक प्रबंधात एखाद्या नर्सिंग सिद्धांतावर बेतलेली आकृती द्यावी लागते. इमोजीन किंग, डोरोथिया ओरेम, नोला पेंडर, किंवा नर्सिंगबाहेरचा, थेट बर्टालान्फीचा सिस्टिम्स सिद्धांत. सगळ्यांत लोकप्रिय किंग, कारण तिच्या चौकटी आपल्या कामावर पटकन बसतात : नर्सचं आकलन, रुग्णाचं आकलन, निर्णय, कृती, प्रतिक्रिया, आंतरक्रिया, आणि शेवटी देवाणघेवाण. काकांच्या कॉम्प्युटरवर या आकृतीची कोरल ड्रॉमधली फाइल तयार आहे. 'किंग फायनल' नावाची. त्यांना फक्त सांगायचं, 'काका, किंग करा,' आणि चौकटींतले शब्द लिहून द्यायचे. सिद्धांत मांडणारी बाई अमेरिकेची, आकृती बसवणारे काका मिरजेचे. एका मुलीच्या पुस्तकात विषय होता शाळकरी मुलांच्या डोळ्यांची काळजी, आणि खालच्या उजव्या चौकटीत आधीच्या मुलीचे 'मधुमेही गर्भवती माता' तसेच राहिले होते. गाइडनं सही केलेली, विभागप्रमुखांनी सही केलेली. परीक्षकानंही पकडलं नाही. पकडलं काकांनी, दोन वर्षांनी, फाइल पुन्हा उघडली तेव्हा. ती गाइड मीच, हे ओळखलं असेलच.

काका शिकलेत अकरावीपर्यंत, पण टाइप करताना वाचतात. मला ते पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणतात, कारण २००६ मध्ये मी ड्यूटीवरून युनिफॉर्मातच गेले होते. एम. एस्सी. झाल्यावर कॉलेजात मॅडम झाले, दुकानात सिस्टरच राहिले. पीएच. डी.चं रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी, २०१६ च्या पावसाळ्यात, मी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, टाइप करायला दिला. विषय तोच, टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, फक्त नमुना मोठा. काकांनी दोन पानं केली आणि कीबोर्डवरून हात काढले.

'सिस्टर, एक विचारू का? राग मानू नका.'

'विचारा की.'

'एवढी पुस्तकं केली मी. सगळ्यांत शेवटी इफेक्टिव्हच येतंय. कुणाचंच नापास कसं होत नाही?'

मी हसले आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण दोन पायऱ्या चढून रस्त्यावर आले तेव्हा हसू आलं नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. आपण एक प्रश्नावली देतो, मग त्याच प्रश्नांच्या उत्तरांचा तास घेतो आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा देतो. तुलनेला दुसरा गट बहुधा नसतोच. मग गुण वाढणार नाहीत तर काय होईल? पेअर्ड टी टेस्ट, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना, लावली की पी व्हॅल्यू खाली, म्हणजे फरक योगायोगाचा वाटत नाही, मग 'शिकवल्यानं फरक पडतो' हे गृहीतक मान्य, पुस्तक बांधायला मोकळं. यात खोटं कुणीच बोलत नाही. फक्त तीन महिन्यांनी त्या बाईच्या डोक्यात काय उरलं, आणि तिचा हात तसा चालतो का, हे बघायला कुणी परत जात नाही. जाणार कधी? तोपर्यंत सबमिशन होऊन गेलेलं असतं.

सिनॉप्सिस मी फाडला. गाइड वैतागल्या, घरी नवरा जास्त वैतागला. नवा विषय घेतला : सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायचं, प्रशिक्षण घेतलेल्या आमच्याच विद्यार्थिनींचं कसब किती टिकतं. सातव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात. कागदावर नाही, मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. कौशल्य काही महिन्यांत उतरतं हे जगभर लिहिलं गेलंय, मी काही नवा शोध लावला नाही. पण आपल्या मुलींचं उतरताना स्वतः बघणं वेगळं. कंप्रेशन मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नको, हे त्यांना झोपेत विचारलं तरी पाठ. सहाव्या महिन्यात एक मुलगी, वर्गात पहिली येणारी, आकडे म्हणत म्हणत दाबत होती आणि मॅनिकिनची छाती जेमतेम हलत होती. दाबल्यावर हात वर सोडायचा असतो, तो तिनं सोडलाच नाही. लेखी पेपरात तिला पैकीच्या पैकी. त्या प्रबंधाला सहा वर्षं गेली, त्यातली दोन कोविडनं खाल्ली. पहिल्या प्रतीची पाठ दाबून झाल्यावर काकांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'बघा सिस्टर, हे जाड झालंय.'

डॉक्टर मंडळींचंही इथं येणं आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडं. रेसिडेंट येतात ते रात्री, डोळे तारवटलेले, पेन ड्राइव्ह गळ्यात. त्यांची पुस्तकं 'टर्शरी केअर सेंटरमधील (म्हणजे मोठ्या रुग्णालयातील) निरीक्षणात्मक अभ्यास' या साच्यातली, म्हणजे साचा त्यांनाही आहेच. पण गेल्या पाच-सहा वर्षांत वैद्यकीय शिक्षकांचा एक निराळा कागद दुकानात दिसायला लागला. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येतं त्यावर बेतलेला. त्याबरोबर लॉगबुकं आली, पहिल्याच वर्षी रुग्णाजवळ नेणं आलं, संवाद आणि नैतिकतेचे तास आले. मग शरीरक्रियाशास्त्राचे सर आणि कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडम स्वतःच्या शिकवण्यावरच अभ्यास करायला लागले. ओस्कीच्या चेकलिस्ट लॅमिनेट करून न्यायला येतात. ओस्की म्हणजे स्टेशनं मांडून घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन यांनी ती १९७५ मध्ये मांडली. आमच्याकडे अजून अर्ध्या ठिकाणी घंटा वाजवायला शिपाई मिळत नाही म्हणून रद्द होते. प्रमोशनला शोधनिबंध लागतात, वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स लागतो, चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेचा ऑनलाइन रिसर्च कोर्स लागतो. सर्टिफिकेटांच्या प्रती काढायला येणाऱ्यांत काही जण नुसते सर्टिफिकेटवालेच असतात, हे काकांना चेहऱ्यावरून कळतं. पण एक मॅडम मुंबईच्या केईएममधल्या फेमर फेलोशिपचा, म्हणजे वैद्यकीय शिक्षकांसाठीच्या फेलोशिपचा, प्रकल्प करत होत्या. त्या दर वेळी पोस्टर छापून झालं तरी स्टुलावर बसून पुन्हा वाचायच्या आणि एक वाक्य कापायच्या. दुकानात माझी आणि त्यांची ओळख झाली. डॉक्टर आणि नर्सिंगचे शिक्षक एकाच रस्त्यावर शिकवतात, एकाच रुग्णाभोवती उभे राहतात, आणि संशोधनाविषयी पहिल्यांदा बोलतात ते झेरॉक्सच्या दुकानात, हे मला जरा लाजिरवाणंच वाटतं. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या इंटर्नना आणि आमच्या चौथ्या वर्षाच्या मुलींना एकत्र सीपीआर शिकवलं. पुस्तक झालं नाही त्याचं. मजा आली.

आता अर्धा गुण. दुकानातलं मराठी टायपिंग अजून जुन्या फॉन्टात चालतं, युनिकोडमध्ये नाही. तिथं छापलं तर उत्तम. तीच फाइल मेलवर घेऊन कॉलेजात उघडलीत तर संमतीपत्राचं खिचडीत रूपांतर. माझ्या एका विद्यार्थिनीची मराठी प्रश्नावली अशीच फुटली, गडबडीत तिनं तीस प्रती कॉलेजच्या प्रिंटरवर काढल्या आणि गावात जाऊन पहिल्या बाईच्या हातात कागद दिला तेव्हा कळलं. बाई म्हणाली, 'मला वाचता येत नाही असं नाही पोरी, पण हे कुणालाच येणार नाही.' त्यामुळे मराठी पानं दुकानातूनच पीडीएफ करून घ्या, आणि तिथंच उघडून बघा. भाषांतर बरोबर आहे असं सर्टिफिकेट आपण मराठीच्या प्राध्यापकांकडून आणतो, पण ते सर्टिफिकेट फॉन्टला लागू नाही.

दुसरी गोष्ट, सोनेरी अक्षरांचा स्पेलिंग तपासायची जबाबदारी तुमची. काका खिळे उलटे लावतात, आपण ते उलटे वाचू शकत नाही, तरी आधी साध्या कागदावर एक ठसा मागून घ्या. मागितला तर देतात. मी मागितला नाही. माझ्या तिसऱ्या पुस्तकाच्या एका प्रतीवर 'नर्सिंग' शब्दातली दोन अक्षरं अदलाबदल झालीत. ती प्रत लोखंडी कपाटात आहे. काकांनी पैसे घेतले नाहीत, माफीही मागितली नाही. 'राहू दे इथं, बरं आहे,' एवढंच.

इथं काय मिळत नाही, तेही लिहिते, कारण त्यासाठीच बरेच जण येतात. याच शहरात एक 'कम्प्लीट थिसिस सपोर्ट' देणारं ऑफिस आहे, एसीवालं. तिथं विषय मिळतो, आकडे मिळतात, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची टेबलं मिळतात, आणि दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्याची टक्केवारी उतरवून मिळते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, म्हणून वाक्यावाक्यात शब्द फिरवून देतात. आमच्या एका मुलीच्या पुस्तकात 'हँड वॉशिंग'चं असंच काहीतरी होऊन आलं होतं, मराठीत सांगायचं तर 'हस्तांची धुलाई'. मी स्वतःही एकदा फसलेय, कबूल करते. २०१४ मध्ये प्रमोशनचे पॉइंट कमी पडत होते, मेल आला, तीन हजार भरले, आणि नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या एका जर्नलमध्ये आठ दिवसांत पेपर आला. परीक्षण शून्य. दोन वर्षांत जर्नलची साइटच बंद. तो पेपर आता फक्त माझ्या बायोडेटात आहे. काकांकडे कुणी 'डेटा पण भरून द्या ना' म्हटलं की ते टेबलावरचा पंखा त्याच्याकडे वळवतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतात. परवा एका पालकांनी पैशाचं पाकीट पुढे केलं, तर म्हणाले, 'रेक्झिन कुठलं घालू तेवढं सांगा.'

भावाचं बोलायचं तर शहरात स्वस्त दुकानं आहेत. ऑनलाइन मागवलंत तर अजून स्वस्त, कुरियरनं घरी. पण ती पुस्तकं गोंदाची. ग्रंथालयात तीनदा झेरॉक्सच्या काचेवर पालथी पडली की पानं सुटतात. यूपीआय चालतं. सबमिशनच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, नाहीतर व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून नंबर लावा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल फायनल २' नावाच्या फाइलींनी त्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप भरलाय.

हे आता लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातलं. माझ्याकडच्या एका एम. एस्सी.च्या मुलीनं दोन गट घेतले, एक महिन्यानं पुन्हा गेली, आणि निकाल आला की दोन गटांत लक्षणीय फरक नाही. ती तीन दिवस रडत होती. मैत्रिणी म्हणाल्या, मॅडमना सांगू नकोस, दोन-चार आकडे इकडंतिकडं कर. तिनं सांगितलं. आम्ही चर्चेचं प्रकरण पुन्हा लिहिलं, फरक का पडला नसेल यावर आठ पानं झाली, आणि ती आठ पानं तिच्या पुस्तकातली सगळ्यांत बरी आहेत. शुक्रवारी फाइल दुकानात गेली. रात्री पावणेदहाला काकांचा फोन.

'सिस्टर, पान ७४. गृहीतक अमान्य असं आलंय. टायपिंग चुकलंय का?'

'नाही काका, तसंच आहे.'

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

'नक्की ना? सोनेरी मारल्यावर मग उघडता येणार नाही.'

'नक्की.'

सोमवारी पाच प्रती तयार होत्या. बिल मात्र सहाचं होतं, आणि सहावी प्रत कुठंय विचारलं तर काकांनी मान फिरवून कपाटाकडं बोट केलं. त्या प्रतीत काही बिघडलेलं नव्हतं, मी तपासलं. साडेतीनशे रुपयांवरून पुन्हा घासाघीस केली. पुन्हा हरले.